नदीच्या मागे चार दिवस, स्वतःच्या पायांनी

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत. थंडीच्या दिवसांत शाळा-महाविद्यालयांतील मुलांचे लहान गट पाठीवर सामान घेऊन तीन-चार दिवस डोंगरांतून चालत जातात, वाटेत नदी, झाडे, गावे यांचा अभ्यास करतात, आणि मोठी माणसे मुद्दाम थोडी दूर राहतात. अशा प्रवासाविषयी पालकांना, शिक्षकांना आणि मुलांना काय वाटते ते या पत्रांतून समजते. त्यांतील सहा पत्रे संक्षिप्त करून, मुलांना अशा प्रवासांना नेणारा म्हणून मी दिलेल्या उत्तरांसह, येथे घेतली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. डिसेंबरमध्ये तिचा सहा जणांचा गट ब्रह्मगिरी चढून, मग गोदावरीच्या काठाने गंगापूर धरणापर्यंत चार दिवसांत चालत येणार आहे. बसने जे अंतर तासाभरात कापता येते त्यासाठी चार दिवस कशाला, हा एक प्रश्न. दुसरा अधिक गंभीर आहे. शिक्षक मुलांबरोबर चालणार नाहीत, ठरलेल्या ठिकाणीच भेटतील, असे कळल्यापासून माझी झोप उडाली आहे. हे धाडस आहे की निष्काळजीपणा? (एक आई, इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : आपली काळजी रास्त आहे आणि ती कोणी हसण्यावारी नेऊ नये. शिक्षक बरोबर चालत नाहीत याचा अर्थ ते तेथे नाहीत असा होत नाही, मात्र हा फरक शाळेने आपल्याला नीट समजावून सांगायला हवा होता. नीट आखलेल्या प्रवासात गटाची वाट आधी ठरलेली असते, कोणत्या वेळी कोणत्या पाड्यावर पोहोचायचे ते कागदावर लिहिलेले असते, शिक्षक त्या ठिकाणी आधीच जाऊन थांबतात, आणि गट ठरल्या वेळेपेक्षा किती उशिरा आला तर शोधायला निघायचे हेही ठरलेले असते. मुलांना मोकळीक मिळते ती दोन भेटींमधल्या काही तासांची. त्या तासांत नकाशा तीच वाचतात, कोणाचा पाय दुखतो म्हणून कोणाचे ओझे कोणी घ्यायचे ते तीच ठरवतात, वाट चुकली तर चूक तीच शोधून काढतात.

या पद्धतीमागचा विचार जुना आहे. कुर्ट हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने 1941 साली वेल्समधील अ‍ॅबरडोवी येथे जहाज कंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट यांच्या साहाय्याने तरुणांसाठी एक शाळा सुरू केली. ते महायुद्धाचे दिवस होते. जहाज बुडाल्यावर जीवरक्षक होडीत अंगापिंडाने धडधाकट असलेली तरुण पोरे आधी हाय खातात आणि वयाने मोठे खलाशी तग धरतात, असे होल्ट यांचे निरीक्षण होते. उणीव बळाची नव्हती, आपण यातून निभावून जाऊ या भरवशाची होती. तो भरवसा कोणी भाषण देऊन देऊ शकत नाही. लहान, खऱ्या आणि आवाक्यातल्या अडचणी स्वतः सोडवल्या की तो अंगात मुरतो. शिक्षक पुढे आणि मुले मागे अशा रांगेत मुलांना समोरच्या सॅकशिवाय फारसे काही दिसत नाही, हे मी इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

म्हणून आपण मुलीला अडवू नका, शाळेला प्रश्न विचारा. गटाने याआधी सरावाचा एक मुक्कामी प्रवास केला आहे काय? प्रथमोपचार शिकलेली किती माणसे वाटेवर असतील? रात्रीचा मुक्काम कोणत्या गावात, कोणाच्या जबाबदारीवर आहे, आणि तेथून जवळचे ग्रामीण रुग्णालय गाठायला किती वेळ लागेल? सर्पदंशावरची लस तेथे उपलब्ध असल्याची खात्री कोणी केली आहे? वाट राखीव वनातून जात असेल तर वनखात्याची परवानगी घेतली आहे काय? बाहेरची संस्था हा प्रवास नेत असेल तर राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे तिची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे की नाही, हेही विचारा. या प्रश्नांची उत्तरे तुम्हाला कागदावर, विनासायास मिळाली तर निश्चिंत व्हा. ‘आमच्यावर सोडा’ एवढेच उत्तर मिळाले तर मुलीला पाठवू नका, मग त्या संस्थेचे नाव कितीही मोठे असो.

दोन गोष्टी घरी शिकवता येतील. साप चावला तर जखम कापायची नाही, तोंडाने विष ओढायचे नाही, करकचून दोरी बांधायची नाही. चावलेला अवयव न हलवता माणसाला उचलून रुग्णालयात न्यायचे आणि 108 क्रमांकावर फोन करायचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांवर एकच लस चालते, त्यामुळे साप पकडून नेण्यात वेळ घालवण्याची गरज नसते. दुसरी गोष्ट बिबट्याची. त्याचा वावर आपल्या जिल्ह्यात सर्वदूर आहे, म्हणून दिवस मावळण्यापूर्वी मुक्काम गाठायचा आणि अंधारात एकट्याने बाहेर जायचे नाही, या नियमाला कोणत्याही कारणाने सवलत नाही.

प्रश्न : मी निफाड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. गेल्या वर्षी आम्ही मुलांना तीन दिवसांच्या पदभ्रमणाला नेले आणि पर्यावरणाचा प्रकल्प करायला सांगितला. मुलांनी फोटो काढले आणि घरी येऊन इंटरनेटवरची माहिती उतरवून काढली. चालणे वेगळे राहिले आणि अभ्यास वेगळा राहिला. हे दोन्ही एकत्र कसे आणावे? (एक शिक्षक, निफाड)

उत्तर : आपण दुखण्यावर नेमके बोट ठेवले आहे. अशा बहुतेक प्रवासांत पर्यावरण हे जेवणातल्या लोणच्यासारखे पानाच्या कडेला असते. माझा सल्ला एका वाक्यात सांगायचा तर असा आहे, की मुलांना विषय देऊ नका, एकच प्रश्न द्या, आणि तो असा द्या की ज्याचे उत्तर चालल्याशिवाय मिळणारच नाही.

आपल्या जिल्ह्यात असा प्रश्न शोधायला लांब जावे लागत नाही. ब्रह्मगिरीच्या माथ्यावर, 1298 मीटर उंचीवर, मुलांना उभे करा आणि विचारा, की येथे पडलेला पाऊस कोठे जातो? पूर्वेच्या उतारावरचे पाणी गोदावरीचे होते आणि 1465 किलोमीटरचा प्रवास करून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. याच डोंगररांगेतून वैतरणा पश्चिमेकडे उतरते आणि पालघर जिल्ह्यातून अरबी समुद्राला मिळते. वैतरणेवरच्या धरणांचे पाणी मुंबईकर पितात, गोदावरीचे पाणी नाशिक ओलांडून पैठणच्या जायकवाडीत साठते आणि छत्रपती संभाजीनगरच्या नळांना येते. शेजारी शेजारी पडलेल्या दोन थेंबांची ताटातूट होते ती जागा नकाशातल्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, वाचून मुलांनी स्वतः शोधायची. भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1 : 50,000 प्रमाणाचे नकाशे आता संगणकावर विनामूल्य उतरवून घेता येतात. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अर्धा किलोमीटर. एवढे कळले की नकाशा आणि डोंगर एकमेकांशी बोलू लागतात.

मग त्या पाण्याच्या मागे चालायचे आणि वाटेत दोनच गोष्टी मोजायच्या. पहिली म्हणजे पाणी किती आहे. ओढ्याचा सरळ वाहणारा दहा मीटरचा तुकडा निवडून त्यात वाळलेले पान सोडावे आणि घड्याळ लावावे. पानाला 25 सेकंद लागले तर वेग सेकंदाला 0.4 मीटर झाला. पात्र दोन मीटर रुंद आणि सरासरी 30 सेंटिमीटर खोल असेल, आणि तळाजवळचे पाणी वरच्यापेक्षा सावकाश वाहते म्हणून गुणाकारातून थोडे वजा केले, तर सेकंदाला सुमारे 200 लिटर पाणी वाहते असे उत्तर येते. वर्गात हे गणित कंटाळवाणे असते. गुडघाभर गार पाण्यात उभे राहून पट्टी धरलेल्या मुलाला ते कंटाळवाणे वाटत नाही, कारण त्याला उत्तर हवे असते.

दुसरी गोष्ट म्हणजे पाणी कसे आहे, आणि तिच्यासाठी चहाची गाळणी आणि पांढरी ताटली पुरते. एका प्रवासात नववीतल्या एका मुलीने ओढ्यातला दगड हलकेच उलटा केला, खालच्या अंगाला गाळणी धरली आणि गाळणीत आले ते ताटलीतल्या पाण्यात ओतले. पहिले मिनिटभर ताटलीत नुसता गाळ दिसत होता. मग त्यातली वाळूची एक बारीक नळी चालू लागली. मुलगी दचकली आणि मग ताटलीवर इतकी वाकली की तिची वेणी पाण्यात बुडाली. ती कॅडिसफ्लाय नावाच्या कीटकाची अळी होती. ही अळी स्वतःच्या लाळेतल्या रेशमाने वाळूचे कण जोडून अंगाभोवती घर विणते, आणि तिच्या बहुतेक जातींना प्राणवायू भरपूर असलेले स्वच्छ, वाहते पाणी लागते. त्याच ओढ्यावर खालच्या अंगाला, कपडे धुण्याच्या दगडांपलीकडे, तिने पुन्हा गाळणी धरली तेव्हा घर विणणारी एकही अळी मिळाली नाही. दोऱ्यासारख्या लाल अळ्या मात्र वळवळत होत्या. त्यांचा लाल रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारख्या द्रव्याचा असतो आणि त्याच्या बळावर त्या प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही जगतात. दोन्ही जागांमध्ये तीनशे पावलांचे अंतर नव्हते. त्या संध्याकाळी कोणीही न सांगता त्या गटाने आपली खरकटी भांडी ओढ्यात धुणे बंद केले. पातेल्याने पाणी वाहून साठ-सत्तर पावले दूर नेऊन मुले भांडी घासू लागली. दिवसभर चालून थकलेल्या पोरांनी ते जास्तीचे कष्ट आपखुशीने घेतले, आणि चालणे व अभ्यास एकत्र आले की काय घडते ते मला त्या दिवशी दिसले.

जे दिसत नाही तेही मुलांना दाखवा. अंजनेरीच्या पठारावर कंदीलपुष्पाची एक जात वाढते. तिची शास्त्रीय नोंद 2006 साली झाली आणि तिला या डोंगराचेच नाव मिळाले. पावसाळ्यात तिला कंदिलासारखे फूल येते, बारीक माशी त्यात शिरते आणि आतल्या खाली वळलेल्या केसांमुळे अडकते. फूल कोमेजले की केस सैल पडतात आणि पराग अंगावर घेऊन माशी सुटते. हिवाळ्यात मुले तेथे जातील तेव्हा यातले काहीही दिसणार नाही, कारण तेव्हा झाड जमिनीखाली कंदाच्या रूपात झोपलेले असते. पायवाट सोडून गवतात पसरणारा प्रत्येक गट नेमका त्याच कंदांवर पाय देत असतो. हे कळलेल्या मुलांना ‘वाट सोडू नका’ असे पुन्हा सांगावे लागत नाही. तीच गोष्ट गिधाडांची. कड्यावर चुना ओघळल्यासारखे पांढरे पट्टे दिसले की तेथे लांब चोचीच्या गिधाडांची बसण्याची किंवा घरट्यांची जागा आहे असे समजावे आणि आवाज बंद करावा, कारण त्यांची वीण हिवाळ्यातच असते. जनावरांना देण्यात येणाऱ्या आणि ती मेल्यावर त्यांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने देशातली नव्वद टक्क्यांहून अधिक गिधाडे नाहीशी झाली. 2006 मध्ये पशुवैद्यकीय वापरासाठी त्यावर बंदी आली, तरी वर्षाला एकच अंडे घालणारा हा पक्षी सावरायला फार काळ घेतो.

आणि गुरुजी, आपण निफाडचे आहात. ब्रह्मगिरीवरून निघालेले पाणी आपल्या तालुक्यात नांदूरमध्यमेश्वरला येऊन कादवेच्या पाण्यासह बंधाऱ्यात थांबते, गाळ खाली बसतो, उथळ पाणी तयार होते आणि हिवाळ्यात दूरदेशीची बदके तेथे उतरतात. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेली ही महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा आहे. त्र्यंबकच्या बाजूने निघालेल्या एखाद्या गटाशी आपल्या मुलांनी आधीच संधान बांधावे आणि एकाच आठवड्यात दोन्ही टोकांना त्याच गाळणीने, त्याच पद्धतीने मोजमाप घ्यावे. अशी वही मुलांना इंटरनेटवरून उतरवता येणार नाही.

प्रश्न : मला प्रवासाला जायचे आहे, पण त्याच दिवसांत पाळी येण्याची शक्यता आहे. शौचाची सोयही नसते. हे सरांना विचारता येत नाही. (एक विद्यार्थिनी, सिडको, नाशिक)

उत्तर : तू विचारलेस हे चांगले केलेस. पाळी हे न जाण्याचे कारण नाही. तुला त्या दिवसांत फार त्रास होत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचार आणि गटातल्या एका मैत्रिणीला सांगून ठेव, म्हणजे गरज पडली तर तुझे ओझे वाटून घेता येईल. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून, झिप असलेल्या जाड पिशवीत घालून परत आणायचे. ते पुरायचे नाहीत, जाळायचेही नाहीत. शौचासाठी पाण्यापासून किमान साठ मीटर दूर, वीतभर खोल खड्डा खणायचा आणि मातीने बुजवायचा. त्यासाठी गटाने एक लहान खुरपे न्यायचे. ही माहिती प्रवासापूर्वी सगळ्या मुलामुलींना एकत्र बसवून देणे हे शिक्षकांचे काम आहे. ते त्यांनी केले नसेल तर हा मजकूर त्यांच्यापुढे ठेव.

प्रश्न : मी दोन वर्षांत कळसूबाई, साल्हेर, हरिहर, धोडप हे सगळे केले आहे. त्यापुढे नदीकाठाने चालणे फारच सोपे वाटते. अशा प्रवासाला काही मान्यता, प्रमाणपत्र असते काय? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, पंचवटी)

उत्तर : मान्यता असते. कुर्ट हान यांच्याच प्रेरणेतून 1956 साली ब्रिटनमध्ये ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्कार योजना सुरू झाली. आज ती शंभरांहून अधिक देशांत आहे आणि भारतात ‘इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपल’ या नावाने चालते. वयाच्या चौदाव्या वर्षापासून कांस्य, पंधराव्यापासून रौप्य आणि सोळाव्यापासून सुवर्ण पातळी घेता येते. पंचविसाव्या वाढदिवसापूर्वी ती पूर्ण करावी लागते. स्वयंसेवा, कौशल्य आणि शारीरिक व्यायाम यांच्या जोडीला साहसी प्रवास हा तिचा भाग आहे. कांस्यला दोन दिवस व एक रात्र, रौप्यला तीन दिवस व दोन रात्री, सुवर्णला चार दिवस व तीन रात्री. गट चार ते सात जणांचा असावा, प्रवास स्वतःच्या बळावर व्हावा, त्याला काहीएक हेतू असावा आणि आधी सराव झालेला असावा, अशा तिच्या अटी आहेत. त्यांत किती उंची गाठली याची अट नाही.

तुम्ही चढलेले डोंगर लहान नाहीत. कळसूबाई 1646 मीटर, साल्हेर 1567 मीटर, आणि हरिहरच्या कातळातल्या उभ्या पायऱ्या चढताना भल्याभल्यांचे पाय लटपटतात. तरीही एक प्रश्न स्वतःला विचारून पाहा. त्या प्रत्येक वेळी वाट कोणी ठरवली होती, जेवण कोणी आखले होते, आणि मागे पडलेल्या मुलाजवळ कोण थांबले होते? ही तिन्ही कामे तुम्ही केली असतील तर नदीकाठचा प्रवास तुम्हाला खरोखर सोपा जाईल. केली नसतील तर चार दिवस पाच जणांचा स्वयंपाक, दहा किलोंचे ओझे आणि एक रुसलेला सोबती यांच्याशी गाठ पडल्यावर हरिहर सोपा होता असे वाटण्याची शक्यता आहे.

प्रश्न : माझ्या मुलाचा गट दुसऱ्याच दिवशी दुपारी परत फिरला. एका मुलाला ताप आला होता आणि पुढचा टप्पा लांबचा होता, असे सांगण्यात आले. मुलगा आठवडाभर कोणाशी बोलला नाही. सगळ्यांसमोर हरल्यासारखे झाले, असे तो म्हणतो. पैसेही गेले. अशा अपयशाचे काय करायचे? (एक वडील, नाशिकरोड)

उत्तर : परत फिरण्याचा निर्णय कोणी घेतला हे आपण लिहिलेले नाही, आणि मला सगळ्यात महत्त्वाचे तेच वाटते. शिक्षकांनी फर्मावले असेल तर मुलाचे दुःख मी समजू शकतो. पण मुलांनी आपसांत बोलून तो घेतला असेल, तर त्या प्रवासातले सर्वांत अवघड काम त्यांनी केले आहे आणि हे त्याला आपल्या तोंडून ऐकायला मिळाले पाहिजे.

मी हे कशाच्या आधारावर म्हणतो ते सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये मी अकरा मुलांना घेऊन एका पठारावर होतो. दुपारी धुके उतरले आणि दहा पावलांपलीकडचे दिसेना. गटातली एक मुलगी होकायंत्र पाहून म्हणाली, की आपण उलट दिशेने, कड्याकडे चाललो आहोत. मला ती वाट पाठ होती, म्हणून मी तिचे ऐकले नाही. वीस मिनिटांनी पायाखालचे गवत संपले, समोर पांढऱ्याशिवाय काही नव्हते आणि खालून वारा वर येत होता. आम्ही कड्याच्या तोंडाशी होतो. तेथून परतायला दोन तास लागले. त्या दोन तासांत एक मुलगा भिजून इतका गारठला की त्याला सदऱ्याची बटणे लावता येईनात आणि तो अडखळत बोलू लागला. सगळ्यांनी मिळून त्याचे ओले कपडे काढले, आपापले कोरडे कपडे त्याला दिले, त्याला मधे घेऊन बसलो, गुळाचे गरम पाणी पाजले, तेव्हा तासाभराने तो सावरला. दोष पूर्णपणे माझा होता. त्या दिवसापासून माझ्या गटात एक नियम आहे. गटातल्या कोणीही, अगदी लहानातल्या लहानानेही, ‘थांबा’ म्हटले की सगळे थांबतात, नकाशा उघडतात, आणि त्याची शंका फिटल्याशिवाय पुढचे पाऊल पडत नाही.

आपल्या मुलाच्या गटाने तापलेल्या सोबत्याकडे पाहून पाऊल मागे घेतले. त्याला नुसते ‘जाऊ दे’ म्हणू नका. त्या दुपारी नेमके काय झाले, ताप आहे हे आधी कोणाच्या लक्षात आले, पुढे जाऊ म्हणणारे कोण होते, मन कसे वळले, हे त्याच्याकडून सविस्तर ऐकून घ्या आणि जमल्यास त्याला ते लिहायला सांगा. राहिलेला टप्पा त्याच गटाने पुढच्या महिन्यात पूर्ण करावा असे शाळेला सुचवा. बहुतेक शाळा तयार होतात. पैशांबद्दल मात्र आपले म्हणणे योग्य आहे. राहिलेल्या टप्प्यासाठी पुन्हा पूर्ण शुल्क घेऊ नये, असे आपण इतर पालकांसह लेखी मागावे.

प्रश्न : मी पेठ तालुक्यातील एका पाड्यावर राहते आणि दहावीत आहे. हिवाळ्यात नाशिकची मुले आमच्याकडे मोठ्या बॅगा घेऊन चालायला येतात. ती दमतात आणि आनंदाने फोटो काढतात. आम्ही रोज डोंगर चढून शाळेत जातो आणि उन्हाळ्यात पाणी आणतो. त्यांच्यासाठी जे साहस आहे ते आमचे रोजचे काम आहे. मग आमच्यासाठी साहस काय? (एक विद्यार्थिनी, पेठ तालुका)

उत्तर : तुझे पत्र मी तीन वेळा वाचले. ते खरे तर त्या मुलांना आणि त्यांना घेऊन येणाऱ्या आमच्यासारख्यांना विचारलेले आहे. म्हणून आधी आमच्याकडून एक कबुली देतो. तुमच्या पाड्यावरून जाताना आम्ही मुलांना फुले, पक्षी, कडे दाखवतो, आणि हंडा घेऊन उतरणाऱ्या तुझ्याकडे त्यांचे लक्ष जाईल असे फारसे काही करत नाही. हे चुकते आहे.

तुझ्या रोजच्या कष्टाला साहस म्हणून मी त्याचे कौतुक करणार नाही, कारण ते तू निवडलेले नाहीस. शहरातल्या घरासाठी माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरून योजना आखतात, खेड्यातल्या घरासाठी 55 लिटर. एका हंड्यात पंधरा लिटरच्या आसपास पाणी मावते, म्हणजे ते 55 लिटर डोक्यावरून आणायचे तर माणशी जवळपास चार हंडे होतात. तुमच्या पेठ-सुरगाण्यात नाशिक शहराच्या दुपटीहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही वैशाखात झिऱ्याच्या तळाशी वाटीने पाणी भरावे लागते. याचे कारण तुझ्या पायाखालीच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून हा काळा पाषाण झाला. तो घट्ट असतो, पाणी पोटात फारसे धरत नाही, आणि उतार तीव्र असल्याने पाऊस ओढ्यांतून वाहून जातो. थोडेफार पाणी दोन थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यात आणि भेगांमध्ये मुरते आणि जेथे तो पट्टा डोंगराच्या अंगाला उघडा पडतो तेथे झरा फुटतो. तुमच्या पाड्याच्या आसपास असे झरे नेमके कोठे आहेत, त्यांतला कोणता कोणत्या महिन्यात आटतो आणि कोणता कधीच आटत नाही, हे तुझ्या आजीला माहीत असेल. कोणत्याही नकाशावर ते छापलेले नाही.

तुझ्यासाठी साहस काय, या प्रश्नाचे मला सुचलेले उत्तर या झऱ्यांपाशी आहे. तुझ्या वर्गातल्या चार-पाच मुलामुलींचा गट कर. भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा मिळवून देण्याची जबाबदारी माझी. तो या मासिकाच्या कार्यालयातून तुझ्या शाळेच्या पत्त्यावर येईल. दर रविवारी आळीपाळीने एकेका झऱ्यावर जा, दहा लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोज आणि तारीख घालून वहीत लिही. हे काम आता मार्गशीर्षात सुरू केलेस तर होळीपर्यंत कोणता झरा किती वेगाने आटतो हे तुला आकड्यांत सांगता येईल. तशी वही ग्रामसभेत ठेवणे आणि झऱ्याच्या वरच्या उतारावर चर कोठे खणायचे, झाडे कोठे राखायची याविषयी मोठ्या माणसांपुढे उभे राहून बोलणे, हे मला कोणताही कडा चढण्यापेक्षा अवघड वाटते. तू ते करशील की नाही हे तू ठरव. दहावीची परीक्षा आधी आहे, हेही लक्षात ठेव, आणि परीक्षेच्या महिन्यात ती वही तुझ्या धाकट्या भावंडाकडे किंवा नववीतल्या मुलीकडे दे.

आणखी एक. जानेवारीत आमचा चौदा जणांचा गट तुमच्या भागातून जाणार आहे. त्या दिवशी वाट आमची मुले ठरवणार नाहीत. तुझ्या घरच्यांची आणि शाळेची संमती असेल तर पाड्यापासून झऱ्यांपर्यंत तू आणि तुझा गट पुढे चाला, आमची मुले मागे येतील. ती मुले जो मोबदला वाटाड्याला देतात तो तुमच्या गटाला मिळेल. दुपारचे जेवण पाड्यावरच घेऊ, नागलीच्या भाकरीचे, आणि त्याचे पैसे रांधणाऱ्या बायकांच्या हाती देऊ. येताना प्रत्येक मुलाने एकेक हंडा झऱ्यावरून वर आणायचा, असे मी त्यांना आजच कळवले आहे.